घरातला हुकूम घरातच

निलजई, उकणीच्या खाणींतून कोळसा निघतो आणि वीज केंद्रांकडे जातो. वणीत मात्र ढग गडगडले की लाईट जाते. ही तक्रार जुनीच, ती आज उगाळत नाही. मला बोलायचंय ते लाईटच्या मागोमाग जाणाऱ्या नेटबद्दल. इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय, राउटरही जिवंत आहे, पण बाहेरची लाईन मेलेली. अशा वेळी 'पंखा कमी कर' म्हटलं की नेट नसल्याचं रडगाणं गाणारा स्पीकर निव्वळ शोभेचा उरतो. माझ्याच छताच्या पंख्याला दिलेला हुकूम आधी कुठल्याशा लांबच्या सर्व्हरला मुजरा करून परत यावा, हे मला कधीच पटलं नाही.

त्यात मार्च 2025मध्ये अ‍ॅमेझॉनने काही इको स्पीकरवर असलेली 'माझं रेकॉर्डिंग पाठवू नका' ही सोयही बंद केली. म्हणजे घरातलं बोलणं बाहेर जाणारच.

याला उतारा आहे आणि तो फुकट मिळतो. होम असिस्टंट ही 2013पासूनची खुली प्रणाली. ती घडवणाऱ्या मंडळींनी 2023 हे सगळं वर्ष आवाजाच्या कामासाठी वाहिलं. 'ओके नाबू' ही हाक ओळखणं, बोलणं अक्षरांत उतरवणं, त्यातला हुकूम शोधणं, उत्तर बोलून दाखवणं, ही सगळी कामं घरातल्या एका छोट्या डब्यात होऊ शकतात. डबा मात्र जरा दमाचा घ्या. बोलणं उतरवायला व्हिस्पर नावाचं मॉडेल वापरतात. रास्पबेरी पाय 4वर ते एका वाक्याला आठेक सेकंद घेतं. तेवढ्यात माणूस उठून बटण दाबून येतो. बऱ्यापैकी मिनी पीसीवर तेच काम सेकंदाच्या आत होतं, पण तेही इंग्रजीत. मराठीत व्हिस्परची लहान मॉडेलं पार गडबडतात आणि मोठी चालवायची तर खिसा सैल करावा लागतो. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने मराठीसह भारतीय भाषांसाठी खुली मॉडेलं केली आहेत. ती या डब्यात बसवायला अजून हौशी हात लागतात.

पण घर चालवायला अख्खी मराठी लागते कुठे? दिवा, पंखा, कूलर, पाण्याची मोटर. कोणत्या वाक्यावर काय करायचं हे आपणच लिहून देऊ शकतो आणि एका कामाला हवी तेवढी वाक्यं जोडू शकतो. ती लिहायला मी आजीला शेजारी बसवलं. मी लिहिलं, 'कूलर चालू करा.' ती म्हणाली, "असं कोन बोलते बाप्पा? कूलर लावून दे न, असं लिही." लिहिलं. मग 'लाव', 'लाव न रे', 'सुरू कर' असं सगळंच आलं. असलं काम पुण्यात बसून कुणी आपल्यासाठी करणार नाही.

खरी परीक्षा कूलरचीच. 45 अंशांच्या दुपारी आमचा पत्र्याचा कूलर असा घरघरतो की माणसालाच माणसाचं ऐकू येत नाही, माइकची काय कथा! त्यामुळे आवाजानं तो लागतो छान, बंद काही होत नाही. आजी दोनदा ओरडते आणि मग "भयरं हाय का हे?" म्हणत स्वतःच उठते. माइक कूलरपासून लांब, बोलणाऱ्याच्या उशाशी ठेवला तर थोडा फरक पडतो. त्याहून बरं म्हणजे लावतानाच 'तासाभरानं बंद कर' अशी सोय करून ठेवावी.

आणि लाईटवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. कूलरची मोटर सुरू होताना करंट जास्त ओढते, तेव्हा डब्याच्या हुकुमावर चालू-बंद करणारी रिले दिव्यापुरती किरकोळ असेल तर ती तिथे लावू नको. आणि बोर्डावरचं जुनं बटण चालूच ठेव. घरी आलेल्या पाहुण्यानं पंख्यासाठी 'ओके नाबू' म्हणून कुणाला का हाक मारावी?