गाडी पाहावी घेऊन!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. या जोडीला ‘गाडी पाहावी घेऊन’ असे तिसरे वचन आता खुशाल जोडावे. फरक एवढाच, की घर घेताना आपण वकिलाला कागद दाखवतो आणि लग्न ठरवताना चार वडीलधाऱ्यांना विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र शोरूमच्या गार हवेत, हाती कॉफीचा कप घेऊन, तासाभरात सहा-सात लाखांचा निर्णय होऊन जातो. नंतरची पाच वर्षे हप्ते फेडताना जो विचार करायचा, तो त्या तासाआधी करता आला तर?

आपल्या आधीच्या पिढीपुढे हा प्रश्न नव्हता, कारण निवडच नव्हती. अँबॅसिडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, यांपैकी एकीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाहून अधिक लोकांनी तिच्यासाठी नाव नोंदवले आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहू शकते, हे देशाला दिसले. त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तेव्हाचा प्रश्न ‘गाडी मिळणार कधी?’ असा होता. आज तो ‘घ्यायची कोणती?’ असा आहे. एकेका गाडीचे आठ-दहा प्रकार, त्यात पेट्रोल, सीएनजी, गिअरची आणि बिनगिअरची, वर रंगांचा बाजार. निवड वाढली तशी फसगतीची वाटही रुंदावली.

सुरुवात हिशेबापासून करू. सांगली-साताऱ्याकडचे चौघांचे एक नोकरदार कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. जाहिरातीत गाडीची किंमत सहा लाख रुपये आहे. ही किंमत शोरूमच्या उंबऱ्याआतली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले, की महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहनकर, म्हणजे ६६ हजार रुपये. शिवाय विमा, त्यातला तृतीय पक्षाचा भाग सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. पहिल्या वर्षाच्या विम्याचे एकूण ३५ हजार धरले, तर सहा लाखांची गाडी सात लाखांवर गेली. सीट कव्हर, मॅट आणि ‘हाताळणी खर्च’ नावाची एक गूढ रक्कम अजून यायचीच आहे. या शेवटच्या रकमेचा खुलासा लेखी मागावा. पुष्कळदा मागताच ती विरघळते. विमाही डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरून दोन दरपत्रके आणून समोर ठेवली, की डीलरचा आकडा खाली येतो.

आता कर्ज. सात लाखांपैकी दोन लाख घरचे आणि पाच लाख बँकेचे. व्याज नऊ टक्के धरले, तर पाच वर्षांच्या फेडीचा हप्ता सुमारे १०,३८० रुपये होतो, सात वर्षांच्या फेडीचा सुमारे ८,०४५. विक्रेता अर्थातच दुसरा आकडा मोठ्याने सांगतो. पहिल्या मार्गाने एकूण व्याज १ लाख २३ हजारांच्या आसपास जाते, दुसऱ्याने १ लाख ७६ हजारांच्या. महिन्याला सव्वादोन हजार हलके वाटावेत म्हणून ५३ हजार रुपये जास्त मोजायचे, असा हा सौदा आहे.

हप्ता म्हणजे काही सगळा खर्च नव्हे. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणे, लिटरला १८ किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव १०० रुपये धरला, तरी इंधनाचे साडेचार हजार होतात. विमा, सर्व्हिसिंग, टायरसाठीची तजवीज यांचे महिन्याला अडीच हजार. बेरीज सतरा हजारांपुढे जाते. यावर एक साधा घरगुती उपाय आहे. गाडी घेण्याआधी सहा महिने दर महिन्याच्या एक तारखेला सतरा हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकून पाहावेत. मुलांची फी, आजीची औषधे, घरातले एखादे लग्नकार्य हे सारे सांभाळून ते जमले, तर गाडी आपल्या ऐपतीत आहे आणि पहिल्या भरण्यासाठी लाखभर रुपयेही गाठीशी आले. तिसऱ्याच महिन्यात खात्याला हात लावावा लागला, तर अजून लहान गाडी पाहावी किंवा वर्षभर थांबावे. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरूण आधी मोजले पाहिजे.

जाहिरातीतल्या मायलेजबद्दलही दोन शब्द. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत ठरावीक पद्धतीने, प्रयोगशाळेतल्या रोलरवर गाडी चालवून तो आकडा काढलेला असतो. तो खोटा नसतो. पण त्या रोलरवर खड्डे, सिग्नल आणि कुंभार्ली घाट नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो वापरावा, घरखर्च ठरवायला नव्हे. सीएनजीचेही असेच. गाडी ९० हजारांनी महाग पडली आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचले, तर ४५ हजार किलोमीटरनंतर ती रक्कम भरून निघते. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी साडेचार वर्षांहून जास्त लागतात. रोज लांबचा प्रवास असेल आणि पंप वाटेवर असेल, तर सीएनजी जरूर घ्यावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून नको.

गाडी भरवशाची आहे की नाही, हे कसे ओळखावे? नवेकोरे मॉडेल बाजारात आल्या आल्या घेण्याची घाई थोड्या पैशांत गाडी घेणाऱ्याने करू नये. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत त्यातले बारीकसारीक दोष बाहेर येतात आणि कंपनी ते दुरुस्त करते. तो अनुभव दुसऱ्यांच्या गाडीवर होऊ द्यावा. तीन-चार वर्षे रस्त्यावर असलेले इंजिन, आपल्या गावापासून तासाभराच्या आत असलेले सर्व्हिस सेंटर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे सुटे भाग, या तीन गोष्टी ज्या गाडीत जुळतात ती बहुधा दगा देत नाही. जाहिरातीपेक्षा टॅक्सीवाल्याला विचारावे. ज्याची रोजची भाकरी गाडीवर आहे, तो ब्रँडच्या प्रेमात पडत नाही. क्लच किती हजार किलोमीटर टिकतो, उन्हाळ्यात एसी दमतो का, कुठला भाग मागवला की आठवडा जातो, हे तो दोन मिनिटांत सांगेल.

मात्र भरवसा केवळ इंजिनाचा नसतो. गाडी रोज वेळेवर सुरू होते, हा एक भरवसा. नको तो प्रसंग आलाच तर आतली माणसे वाचतील, हा दुसरा. या दुसऱ्याकडे आपण फार काळ पाठ फिरवली होती. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या बिनएअरबॅगच्या मूळ प्रकारांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने टक्कर घडवून चाचणी केली. प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी फोक्सवॅगन पोलो दोन एअरबॅगांसह पुन्हा तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. पाचांपैकी काही गाड्यांचा सांगाडाच टकरीत टिकला नव्हता, त्यांना नुसत्या एअरबॅगांनी तारले नसते. म्हणजे सांगाडाही भक्कम हवा आणि एअरबॅगही हव्यात.

त्यानंतर पुष्कळ बदलले. २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनासाठीही. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारांकन योजना सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, म्हणून चाचणीच न झालेली गाडीही बाजारात असते. तेव्हा विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: या गाडीची चाचणी झाली आहे का, तारे किती, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे तारे किती? उत्तर ‘बॉडी एकदम हेवी आहे साहेब’ असे आले, तर ते उत्तर नव्हे. गाडीचे दार किती जड लागते, यावरून टकरीत काय होईल ते कळत नाही.

आणि सर्वांत स्वस्त उपाय आपल्याच हातात असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, ते मागच्या आसनावर होते, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. मागे बसणाऱ्याने पट्टा लावायला एक पैसा लागत नाही. लहान मूल आईच्या मांडीवर सुरक्षित असते ही आपली समजूत तर गाडीत अजिबात खरी नाही. घरात लहान मूल असेल, तर सीट कव्हरांऐवजी बालआसन घ्यावे आणि ते अडकवायची ‘आयसोफिक्स’ सोय गाडीत आहे ना, ते पाहावे.

खरा पेच इथे येतो. ठरलेल्या पैशांत एका गाडीचा सर्वांत वरचा प्रकार येतो आणि तिच्याहून दणकट गाडीचा मधला किंवा खालचा प्रकार येतो. पहिलीत मोठा पडदा, चमकदार चाके, कदाचित छताला काचेची खिडकी. दुसरीत यातले काही नाही, पण तारे जास्त, एअरबॅगा सहा. मुलांचा कौल पहिलीला असणार, हे उघड आहे. ‘स्वस्तातली घेतली’ असे चारचौघांत कुणी म्हणू नये, ही भीतीही मनात असते. तिची ताकद कमी समजू नये. २००९ साली बाजारात आलेली लाख रुपयांची नॅनो तिच्यापुढेच अडखळली. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिची ओळख करून देणे चुकले, असे पुढे स्वतः रतन टाटांनी म्हटले होते. पण घरातल्या कर्त्याने आणि कर्तीने इथे ठाम राहावे. कपात करायचीच तर शोभेत करावी. पडदा दोन वर्षांनी बाहेरूनही बसवता येतो. सांगाडा आणि एअरबॅगा नंतर बसवता येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून असलेला २९ टक्क्यांचा भार १८ टक्क्यांवर आला. त्यातून जे काही वाचते, ते कुठे घालायचे हे प्रत्येक घराने ठरवायचे आहे.

गाडी ठरली, की घरातल्या सर्वांना घेऊन चालवून पाहावी. आजोबांचे गुडघे चढता-उतरता दुखतात का, पाच माणसे आणि एसी चालू असताना चढावर दम लागतो का, रात्री दिव्यांचा उजेड पुरतो का, हे एकट्याने सपाट रस्त्यावर कळत नाही. दसरा-पाडव्याचा मुहूर्त जरूर साधावा, पण गाडीची तपासणी त्याच्या चार दिवस आधी, नोंदणी होण्यापूर्वी, दिवसाउजेडी करावी. उत्पादनाचा महिना आणि वर्ष, चासी क्रमांक, टायरवरच्या तारखा, मीटरवरचे किलोमीटर आणि रंगावरचे ओरखडे पाहावेत. पेढ्यांचा पुडा उघडल्यावर तक्रार करायला जीभ रेटत नाही, हे डीलरलाही ठाऊक असते. डिसेंबरातली सूट चांगली असते. पण गाडीचे वर्ष जुने धरले जात असल्याने तीन-चार वर्षांत विकायची असेल तर ती पुन्हा विक्रीच्या भावात वजा होते. दहा वर्षे वापरणाऱ्याला मात्र ती निव्वळ फायद्याची.

मध्यमवर्गीय घरात गाडी येते, तेव्हा नुसते वाहन येत नाही. आईला दवाखान्यात नेण्याची सोय येते, पावसात मुले न भिजता शाळेत पोहोचतात, गावाकडच्या जत्रेला जाण्याचा उत्साह परत येतो. या आनंदाला हप्त्याची काळजी आणि घाटातली धाकधूक लागू नये, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप. म्हणून शोरूमला जायच्या आदल्या रविवारी घरातल्या सर्वांनी कागद-पेन्सिल घेऊन तासभर एकत्र बसावे. महिन्याचा आकडा, वर्षाचे किलोमीटर, जवळचे सर्व्हिस सेंटर आणि ताऱ्यांची संख्या, एवढ्या चार ओळी लिहून तो कागद खिशात ठेवावा आणि मगच त्या गार हवेत पाऊल टाकावे.