उरलेले बोल्ट, रिकामी भोकं
8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, ते कृष्णाकाठ विसरलेला नाही. म्हणून कराडात कुणी जुनी फायबरची होडी आणली, की मी रंग नाही, तिच्यावर उरलेलं लोखंड-पितळ बघतो. मागच्या फळीवर वर-खाली भोकं दिसली, तर बहुधा तिथे इंजिन बसत होतं. तळाशी आटे पाडलेलं पितळी भोक पाणी काढायचं. त्याचं बूच हरवलं असेल तर होडी कोयनेत उतरवूच नका. काठावरच्या खोबणी वल्ह्यांच्या. एखाद्या कडीचं काम कळेना, तर आतून हात घाला: मागे जाड पट्टी असेल तर ती कडी ताण घेणारी, नुसते स्क्रू असतील तर किरकोळ सामान अडकवायची. खरी भीती उघड्या भोकांची. त्यांतून पाणी आतल्या प्लायवुडमध्ये मुरतं आणि वरून काहीच दिसत नाही. हातोडीच्या दांड्यानं ठोका. आवाज बद्द आला तर लाकूड बहुधा कुजलंय. अशा भोकावर नुसतं सिलिकॉन थापणं मला अक्षम्य वाटतं. कुजकं कोरून काढा, पूर्ण वाळवा, इपॉक्सी भरा, आणि हे पावसाळ्याआधी, उन्हाळ्यातच उरका.