आजारी बालकाच्या उशाशी आईबापांस जागा द्या

सर्व नागरिक, डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांचे विश्वस्त यांस सविनय निवेदन.

आपल्याकडील पुष्कळ रुग्णालयांत, मग ती सरकारी असोत वा धर्मादाय, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी चार दिवसांची बाळंतीण, पोटावरचे टाके अजून ओले असताना, पिळून काढलेल्या दुधाची वाटी पदराआड धरून तिष्ठत असते. आतली सिस्टर दार किलकिले करून ती वाटी घेते, बाळाचे वजन किती भरले ते सांगते, आणि दार पुन्हा लागते. ज्या दुधावाचून त्या जिवाला तरणोपाय नाही असे डॉक्टर स्वतः बजावतात ते दूध आत जाते, परंतु जिला पान्हा फुटतो तिला मात्र भेटीच्या वेळेखेरीज मज्जाव, हा शिरस्ता कोणत्या शास्त्राने घालून दिला, याचा जाब विचारण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

शास्त्राने तर तो केव्हाच त्याज्य ठरविला आहे. इंग्लंडात १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी, शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस आईवेगळ्या राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट तयार करून, वॉर्डात जे मूल रडत नाही म्हणून शहाणे समजले जाते ते पुष्कळदा आशा सोडून मुके झालेले असते, हे वैद्यकांच्या नजरेस आणून दिले, तेव्हा अनेकांना त्यांचा संताप आला. पण सातच वर्षांनी, सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने आईबापांवरील भेटीच्या वेळेचे निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांबरोबर मातेस राहू द्यावे, अशी निःसंदिग्ध शिफारस केली. अगदी अलीकडे, २०२१ साली, आशिया आणि आफ्रिकेतील ज्या पाच रुग्णालयांच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ज्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, तेथे जन्मतः किलो-पावणेदोन किलो वजनाच्या बालकांना अतिदक्षता विभागातच आईची खाट मांडून लगोलग तिच्या उघड्या छातीशी ठेवले असता, पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १२ राहिले. प्रचलित रीतीने वाढविलेल्या बालकांत ते सुमारे १६ होते.

आई आत आली तर जंतुसंसर्ग होईल ही भीती प्रामाणिक आहे, आणि ती आम्ही उडवून लावीत नाही. तथापि त्याच प्रयोगात आईजवळच्या बालकांत जंतुदोषाची शंका उलट कमी आढळली. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण कोपरापर्यंत हात धुण्यास शिकविलेली आई एकाच बालकास हाताळते, तर बिचाऱ्या परिचारिकेस एका पाळीत कित्येकांना हाताळावे लागते. आईला आत घेणे हे त्या परिचारिकेवरही उपकार आहेत.

मोठ्या मुलांच्या वॉर्डात आईला राहू देतात खरे, पण खाटेखालच्या फरशीवर. बापाला रात्री तेवढीही मुभा नसते. आणि सलाईनसाठी शीर सापडेना, तिसऱ्यांदा सुई टोचण्याची पाळी आली, की नेमक्या त्या क्षणी “आई, तुम्ही बाहेर थांबा” असा हुकूम सुटतो. आत दोघे-तिघे त्या पोराला दाबून धरतात आणि दाराबाहेर आई ती किंकाळी ऐकत राहते. तान्ह्याला अंगावर पाजत असता सुई टोचली तर त्यास वेदना कमी होते हे सिद्ध झालेले आहे, आणि त्यासाठी कोणत्याही दप्तरातून एका पैशाची मंजुरी लागत नाही.

नवजातांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घ्यावे, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०१७ सालीच काढल्या आहेत. उणीव आहे ती अंमलाची. म्हणून वाचकांस विनंती, की आपल्या गावच्या रुग्णालयातील बालविभाग एकदा स्वतः जाऊन पाहावा, आणि आईबापांना पाहुण्यांच्या यादीतून वगळून बालकाजवळ अहोरात्र राहण्याची मुभा, बसण्यास खुर्ची व निजण्यास खाट मिळावी, असा लेखी अर्ज तेथील रुग्ण कल्याण समितीकडे वा विश्वस्तांकडे देऊन त्याची पोच घ्यावी.