चांद्याचा शिक्का आणि दुबईची खिडकी

नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम काढला की पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाची जागा कोरी असेल, तर पर्यटक व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. पुढे खुलासा आला, दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल. पण दुबईला तपासणीच्या खिडकीतल्या माणसाशी हुज्जत घालून काही होत नसते. त्याच्यापुढे जो कागद येतो तो तो वाचतो, आणि तो कागद भरलेला असतो अर्ज भरून देणाऱ्या आपल्यापैकी कोणीतरी. सेवा केंद्रात, नोटरीच्या टेबलावर, नाहीतर तहसील कचेरीसमोरच्या टपरीत. गडचिरोलीतल्या सिरोंचाकडच्या तेलुगू घरांत आडनाव आधी येते, कधी नुसते आद्याक्षर येते. फॉर्मचा रकाना बघून ते उलटसुलट टाकून दिले की पुढचा घोळ परदेशात निस्तरावा लागतो.

मात्र सीमेवरच्या कागदाची खरी कथा आपल्याकडे मुलचेरा-चामोर्शी भागातल्या बंगाली गावांत आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट-व्हिसाची पद्धत ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू झाली. पूर्व पाकिस्तानातून रीतसर यायचे तर ढाक्यातल्या भारतीय कार्यालयातून मायग्रेशन सर्टिफिकेट काढावे लागे. १९६४ च्या दंगलींनंतर लोक जीव घेऊन निघाले, तेव्हा रांगेत उभे राहायची सवड किती जणांना होती? कोणाकडे सर्टिफिकेट, कोणाकडे नाक्यावर मिळालेली बॉर्डर स्लिप, कोणाकडे काहीच नाही. रायपूरजवळच्या माना छावणीसारख्या ठिकाणांहून कितीतरी कुटुंबे या जंगलमुलखात आणून वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही त्यातलीच गावे. आज त्यांची नातवंडे पासपोर्टसाठी तुमच्या दारात येतात.

अशा अर्जात आपला धंदा एक पळवाट काढतो. आजोबांचा पासपोर्ट काढताना त्यांचा जन्म खुलना जिल्ह्यातला असला तरी जन्मस्थान म्हणून इथलेच गाव लिहायचे आणि नागरिकत्वाच्या रकान्यात ‘जन्माने’वर खूण करून मोकळे व्हायचे. हे करू नका. १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी तिकडे जन्मलेल्यांसाठी ‘अविभाजित भारत’ असे लिहिण्याची सोय फॉर्ममध्येच आहे. त्यानंतर तिकडे जन्मून इथे कलेक्टरकडे नोंदणी झालेल्यांनी ‘नोंदणीने’ हा पर्याय निवडायचा असतो आणि सोबत ते प्रमाणपत्र जोडायचे असते. खोटी माहिती देऊन किंवा खरी दडवून पासपोर्ट काढला, तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पासपोर्ट जप्त होतो तो वेगळाच. खूण तुम्ही करता, सही अर्जदाराची असते.

आणि बहुतेक वेळा या लपवाछपवीची गरजही नसते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईबाप कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी आवळला: दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे १९६६ साली छावणीत जन्मलेल्या बापाचा प्रश्न सोपा आहे, फक्त जन्माचा पुरावा हवा. कॉलेजातल्या नातवाचा प्रश्न अडेल तो आई कधी आणि कशी आली यावर. तिथे विचारायला संकोच नको.

मग शिक्क्यांचा गुंता. एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे कागद काढून टेबलावर मांडा. आजोबांच्या कागदावर जिल्हा चांदा, वडिलांच्या दाखल्यावर चंद्रपूर, नातवाच्या जन्मदाखल्यावर गडचिरोली. घर एकच, गाव तेच. चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, एवढेच कारण. तालुकेही मधल्या काळात बदलले. बाहेरगावच्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. त्याला तीन वेगळे पत्ते दिसतात आणि शेरा पडतो. अर्जासोबत या बदलांच्या तारखा देणारे अर्ध्या पानाचे स्पष्टीकरण जोडा. तसेच नावांचे. शाळेच्या रजिस्टरात मराठी गुरुजींनी ‘विश्वास’ लिहिले, आधारवर ‘बिस्वास’ आले. मंडल कुठे मोंडल झाले. पासपोर्टआधी हे एका रांगेत आणा, नंतर नाही.

आता २०२४-२५ च्या दोन आदेशांबद्दल, कारण या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आहे. ११ मार्च २०२४ च्या नियमांनी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत बांगलादेशातून आलेल्या हिंदूंसह सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाच्या अर्जाची वाट दिली. आजोबा-पणजोबा तिकडचे नागरिक होते असे दाखवणारा कागदही त्यात पुरावा म्हणून चालतो. सप्टेंबर २०२५ च्या आदेशातली तारीख आहे ३१ डिसेंबर २०२४, पण ती सूट पासपोर्ट-व्हिसाविना आल्याबद्दलच्या कारवाईपुरती. त्याने नागरिकत्व मिळत नाही, म्हणून भारतीय पासपोर्टही मिळत नाही. ‘२०२४ पर्यंतचे सगळे नागरिक झाले’ असे सांगून पैसे घेणारे आपल्याच व्यवसायात आहेत, हे लिहायला लाज वाटते.

आता पुन्हा आखाताकडे. दहावी न झालेल्या मुलांचा पासपोर्ट आखाती नोकरीसाठी ‘एमिग्रेशन चेक’च्या शिक्क्याचा असतो. त्यांना नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर पाठवणाऱ्या एजंटाला कागद करून देऊ नका.

शेवटची विनंती जुन्या कागदांबद्दल. पिवळी पडलेली बॉर्डर स्लिप घेऊन कोणी आले, तर ती लॅमिनेट करून देऊ नका. शिक्का आणि शाई तपासता आली पाहिजे. दोन्ही बाजू स्कॅन करा, मूळ कागद त्याच दिवशी परत करा, आणि भरलेला अर्ज सहीपूर्वी अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवा.