पोलादी मेंढा

पाचशे मीटरवरचा मेंढा आधी आडवा होतो आणि 'ठण्ण' असा आवाज मागाहून येतो. तेवढे अंतर कापायला आवाजाला जवळजवळ दीड सेकंद लागतो. म्हणजे नेमबाजाला आपले यश आधी दिसते, नंतर ऐकू येते. घाबरू नका, मेंढा पोलादाचा आहे!

या खेळाचे जन्मगाव मेक्सिको. तिकडे त्याला 'सिलुएतास मेतालिकास' म्हणतात, म्हणजे धातूच्या छायाकृती. दोनशे मीटरवर कोंबडी, तीनशेवर रानडुक्कर, तीनशे पंच्याऐंशीवर टर्की आणि पाचशेवर मेंढा. उभ्याने, कशाचाही टेकू न घेता, अडीच मिनिटांत पाच आकृत्या पाडायच्या. गोळी नुसती लागून भागत नाही. आकृती बैठकीवरून खाली पडली तरच गुण. पोलादावर शिशाचा डाग उमटला, मेंढा जरासा डुलला आणि पुन्हा स्थिर झाला, तर पदरी शून्य.

हे सारे पूर्वी जिवंत जनावरांवर चाले. जत्रेच्या दिवशी गावाबाहेर जनावर बांधायचे आणि ज्याच्या गोळीने रक्त निघेल त्याने ते घरी न्यायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकोतल्याच नेमबाजांनी त्याजागी पोलाद उभे केले, आणि साठच्या दशकात हा खेळ सीमा ओलांडून अमेरिकेत ॲरिझोनात पोचला.

'जिवंत जनावराशिवाय ईर्षा कसली?' असे तेव्हाही कुणी म्हटलेच असेल. आपल्याकडच्या जत्रांतूनही हे वाक्य नवे नाही. मला ते कधीच पटले नाही. १९०० साली पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. बेल्जियमच्या लिऑन द लुंदेनने एकवीस कबुतरे पाडून ती जिंकली. मैदानावर रक्त आणि पिसे! पुढे कबुतराची जागा मातीच्या तबकडीने घेतली. इंग्रजीत तिला अजून कबूतरच म्हणतात, एवढीच काय ती आठवण उरली. खेळ काही मेला नाही. बिकानेरच्या करणी सिंहांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले ते या तबकड्या फोडूनच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौक संपवला, आणि २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्यपदक आणले. ईर्षा कमी पडली, असे कोण म्हणेल?

उलट पोलाद अधिक कडक परीक्षक आहे. जनावर बिथरले, हलले, वाऱ्याला पाठ करून उभे राहिले, या सबबी तिथे चालत नाहीत. चुकले ते तुमचेच. (जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीची नळी वाकडी असायची, ही आमची लहानपणची सबब मात्र खरी होती!)

हे मी घरी रंगवून सांगत होतो. मुलगी म्हणाली, "पण बाबा, मग मेंढाच कशाला? नुसती गोल ताटली का नाही?" तशा गोल ताटल्यांवरही नेम धरतात, असे मी सांगितले. ते उत्तर नव्हते, हे तिच्या लक्षात आलेच. मारण्याची हौस त्या आकारात अजून लपून बसली आहे का? असेलही. पण बांधलेल्या मेंढ्यापेक्षा ती पोलादात लपलेली मला चालेल.

फेरी संपली की बंदुका रिकाम्या करून खाली ठेवतात, आणि मंडळी रंगाचा डबा घेऊन पाचशे मीटर चालत जातात. शिशाचे डाग रंगवतात आणि पडलेले मेंढे उचलून पुन्हा उभे करतात.