भेकर दिसलं नाही, तेही लिहा

कर्जत आणि खालापूरच्या गावांत दोन वाक्यं नेहमी कानावर पडतात. राजमाचीहून कोंडाण्याकडे उतरलेली पोरं चहाच्या टपरीवर म्हणतात, "जंगलात काही उरलं नाही, माकडं तेवढी दिसली." आणि ज्याच्या शेतातला वाल रातोरात फस्त झाला तो शेतकरी म्हणतो, "जनावर फार माजलंय." दोघंही खरंच बोलतात. पण पहिला किती वेळ रानात होता, कुठल्या वाटेनं गेला, सोबत किती माणसं होती, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्याचं शेत रानाला किती लागून आहे, तो किती रात्री राखणीला बसला, याचीही नोंद नसते. आणि अशाच वाक्यांवरून आपण जंगलाचं मोल ठरवत असतो. म्हणून या दोन्ही तालुक्यांतल्या रानात जाणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती करायची आहे: कुठं बसलात आणि किती वेळ बसलात ते लिहून ठेवा. काहीच दिसलं नसेल तर तेही लिहा.

ही रीत पारध्याच्या अनुभवातून येते, म्हणून आधी शिकारीबद्दल स्पष्ट बोलून घेतो. कोंडाण्यात धनुष्यबाण नवा नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या इथल्या लेण्यांमधल्या चैत्यगृहावर कन्हाचा शिष्य बालक यानं हे काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे, आणि त्याच दर्शनी भागावर कोरलेल्या जोडप्यांमध्ये हाती धनुष्य घेतलेला पुरुष आहे. जवळच्या एका नैसर्गिक गुहेत पुरातत्त्व खात्याला जी चित्रं सापडली, त्यांत तर धनुष्यबाणानं चाललेली हरणाची शिकारच आहे. ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना जुनी पारध अजून आठवते. पण तो काळ संपला. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं परवाना काढून हरणाची शिकार करण्याची वाटही बंद झाली. आज बाण, ठासणीची बंदूक, फासा, वाघर, हाका घालून जनावर उठवणं, हे सगळं शिकारीत मोडतं, आणि नुसता प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. "एखादं भेकर घेतलं तर काय होतं" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की यात कसलीही मर्दुमकी नाही. ज्या डोंगरात भेकरं मुळात थोडी, तिथं एक मादी गेली तरी पुढची वीण थांबते.

मात्र धनुष्यवाल्याला जे कळत होतं ते फेकून देण्यासारखं नाही. बंदूकवाल्याचं अज्ञान लांबवर जाणाऱ्या गोळीनं झाकलं जातं. बाण नेमका लागायचा तर जनावर वीस-पंचवीस पावलांत यावं लागतं, आणि भेकर आपण होऊन इतकं जवळ तेव्हाच येतं जेव्हा तुम्ही योग्य जागी, योग्य वेळी, मुळीच न हलता बसलेले असता. जागा चुकली तर कितीही बसा, उपयोग नाही. जागा बरोबर असून अर्ध्या तासात उठलात, तरी उपयोग नाही.

अमेरिकेत आयोवा राज्यात हरणांची शिकार कायदेशीर आहे, आणि तिथल्या शासनानं हीच गोष्ट कामाला लावली आहे. 2004 पासून तिथलं नैसर्गिक संसाधन खातं धनुष्यवाल्या शिकाऱ्यांना विचारतं, किती तास बसलात, काय काय दिसलं? मग दर हजार तासांमागे किती हरणं, किती कोल्हे, किती रानमांजरं असा हिशेब मांडतात. धनुष्यवालेच का? कारण ते मचाणावर तासन्‌तास गप्प बसतात आणि बाण क्वचितच सोडतात. ज्याला काहीच दिसलं नाही त्याची वहीसुद्धा खात्याला तितकीच मोलाची वाटते. आपण बाण तिकडेच राहू द्यावा आणि वही घ्यावी.

हिशेब साधा आहे. समजा, एकजण ओढ्याकाठी दोन तास बसला, त्याला एक भेकर दिसलं. दुसरा सड्यावर वीस तास बसला, त्याला तीन दिसली. गावात बोलबाला दुसऱ्याचा होईल. पण तासांनी भागलं तर पहिल्याची जागा तिपटीहून सरस आहे. पाच-सात वर्षं असं लिहीत गेलं की रान कुठं भरतंय आणि कुठं ओसरतंय, हे भांडण न करता सांगता येईल.

आता जागेविषयी. भेकर हे लहानखुरं हरीण, साधारण वीस-पंचवीस किलोचं, एकेकटं राहणारं. चितळासारखा त्याचा कळप नसतो, म्हणून मोकळ्या गवतात शोधून ते सापडणार नाही. त्याला डोकं लपेल एवढी झुडपांची दाटी लागते, जवळ पाणी लागतं आणि झाडाखाली पडलेलं फळ मिळालं तर ते सोडत नाही. कोंडिवड्याची शेतं मागे टाकून लेण्यांकडे निघालात की वाटेच्या दोन्ही अंगांना ऐन, किंजळ, बेहड्याचं रान लागतं, वर चढावर कारवी माजलेली असते, आणि ओढ्यांच्या घळीत उंबर-जांभळं असतात. यातली नेमकी जागा कोणती? दाट रान जिथं संपून उघडीप सुरू होते ती कड. भेकर तिथंच सकाळी आणि तिन्हीसांजेला तोंड बाहेर काढतं. ओल्या मातीत दोन टोकांचा छोटासा खूर, उंबराखाली लेंड्या, कोवळ्या रोपांच्या सालीवर नराच्या शिंगांनी घासल्याच्या खुणा, एवढं एका घळीत सापडलं की दुसरीकडे भटकायची गरज नाही.

वाऱ्याचं तर जितकं सांगावं तितकं थोडं. डोंगरात ऊन तापलं की हवा उताराला धरून वर चढते, संध्याकाळी गार झाली की खाली उतरते. म्हणून सकाळी जनावराच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसावं आणि संध्याकाळी खालच्या. पण कोंडाण्याची एक खासियत आहे. हे रान राजमाचीच्या डोंगराच्या पश्चिमेला, त्याच्या सावलीत आहे. पूर्वेची भिंत ओलांडून ऊन खाली यायला उशीर होतो, आणि तोवर रात्रीची गार हवा घळीतून खालीच वाहत राहते. मैदानी रानाच्या सवयीनं उजाडल्याबरोबर वरच्या खडकावर जाऊन बसलात, तर तुमचा वास घळीभर पसरतो, आणि भेकर दिसण्याऐवजी त्याचा इशाऱ्याचा भुंकार तेवढा ऐकू येतो, तोही वीस-वीस मिनिटं. ऊन अंगावर येईपर्यंत खालीच थांबा, नंतर वर सरका. चिमूटभर राख किंवा सावरीचा कापूस हवेत सोडला की वारा कुठं जातोय ते लगेच कळतं.

कष्टाविषयी मोठा गैरसमज आहे. चाळीसजणांचा गट सहा तास चालला तर माणसागणिक मोजून दोनशे चाळीस तास होतात, पण भेकर पाहण्याच्या दृष्टीनं त्यांची किंमत शून्य आहे. स्पीकर असेल तर इतरांचेही तास वाया जातात. दोघं किंवा तिघं, मातकट कपडे, फोन बंद, एका जागी निदान दोन तास, हे खरे कष्ट. आणि त्यालाही मर्यादा आहे. एकाच घळीत रोज जाऊन बसलात तर आठवड्यात जनावर वाट बदलतं. मीठ टाकून, फळं ठेवून त्याला बोलावू नका. रात्री टॉर्च फिरवू नका. राखीव वनात रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी काढा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्रगणनेत स्वयंसेवक म्हणून बसायची संधी मिळाली तर जरूर बसा, पण ती एका रात्रीची, एका पाणवठ्याची खबर असते. ओढ्यात अजून डबकी शिल्लक असतील तर जनावर तुमच्या पाणवठ्यावर कशाला येईल?

ऋतूचाही विचार ठेवा. फेब्रुवारी-मार्चात पानगळ झाली की नजर लांब पोचते आणि तेच एक भेकर चारदा दिसतं. श्रावणात दहा पावलांवरून निघून गेलं तरी कळत नाही. त्यामुळे उन्हाळ्यातली नोंद उन्हाळ्याशीच ताडावी.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की जिथं माणसाचे कष्ट अजिबात पुरे पडत नाहीत. झुडूपच राहिलं नाही तर शंभर तास बसूनही काही दिसणार नाही. दर उन्हाळ्यात आमच्या डोंगरांवर वणवे लागतात. कुणी गवत चांगलं येतं म्हणून लावतो, कुणाची विडी पडते, कुणी जनावर बाहेर काढायला मुद्दाम पेटवतो. आगीत मोठी झाडं तगतात, पण भेकराचा आडोसा म्हणजे खालची दाटी, ती पहिल्यांदा जाते. फार्महाऊसवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे. शनिवार-रविवारी येऊन जाता, मागे कुत्री मोकळी राहतात, ती टोळी करून रानात शिरतात आणि भेकराला दमवून मारतात. कुत्री बांधा, त्यांना वेळेवर खायला घाला. कुंपण घालताना ओढ्याची वाट उघडी ठेवा.

उल्हास नदीवरचं कोंढाणे धरण वर्षानुवर्षं गाजतं आहे, ते काम पुढे सिडकोकडे गेलं. पाणी हवं की रान हवं हा वाद मी इथं काढत नाही. पण धरण, रस्ता, टाउनशिप, काहीही येवो, "इथं आधी काय होतं" हा प्रश्न निघतो तेव्हा गावाकडे दाखवायला कागद नसतो. ज्याच्याकडे पाच वर्षांची तारीखवार वही आहे, त्याचं बोलणं कुणाला सहजासहजी उडवून लावता येणार नाही.

वहीत फार काही लिहायचं नाही. तारीख, घळीचं किंवा पाणवठ्याचं गावातलं नाव, बसल्याची आणि उठल्याची वेळ, माणसं किती, वारा कुठला, काय दिसलं, काय ऐकू आलं. काही नसेल तर "काही नाही" असं स्पष्ट लिहा, पान कोरं ठेवू नका. शाळेतल्या मुलांनाही हे जमतं. वाडीवरच्या जाणत्या ठाकर-कातकरी दादांना सोबत घ्या आणि त्यांच्या दिवसाची मजुरी रोख द्या. जंगलाची माहिती फुकट मागायची आपली सवय वाईट आहे. ते ज्या खुणा सांगतील त्या त्यांच्याच शब्दांत उतरवा. वर्षातून एकदा गावच्या वन समितीत सगळ्या वह्या एकत्र वाचा आणि एक प्रत कर्जतच्या किंवा खालापूरच्या वनकार्यालयात द्या. नेमक्या जागा मात्र फोटोसकट इन्स्टाग्रामवर टाकू नका, ती यादी शिकाऱ्याच्याही हाती पडते.

दिवाळीत भातकापणी उरकली, वाटा सुकल्या, की सुरुवात करायला चांगला काळ आहे. रानात तारेचा फासा दिसला तर जागा नीट लक्षात ठेवा, फोटो काढा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा. फाशात जनावर जिवंत अडकलं असेल तर सोडवायला जवळ जाऊ नका, माणसं पाहून ते आणखी झटे घेतं आणि तार आत रुतते. लांब थांबा, इतरांना जवळ जाऊ देऊ नका, आणि वनरक्षक येईपर्यंत तिथून हलू नका.