तेरा रुपयांची गोष्ट

बंगळुरूच्या बंगलोर क्लबमध्ये एक जुनी हिशेबवही जपून ठेवलेली आहे. १८९९ सालच्या या वहीत येणे बुडवणाऱ्या सभासदांची यादी आहे. तीत एक नाव आहे लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल यांचे. रक्कम अवघी १३ रुपये. ती वसूल होण्यासारखी नाही, असे तेव्हाच्या कारभाऱ्यांनी ठरवून टाकले. हा तरुण अधिकारी पुढे दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, पण वहीतले नाव काही पुसले गेले नाही.

मोठी रक्कम लाटताना साध्या माणसाचा हात थरथरतो. तेरा रुपयांच्या वेळी तो थरथरत नाही. आपल्यासारख्या संसारी माणसांची परीक्षा होते ती अशा तेरा रुपयांच्या वेळीच.

केकखालचे पाकीट

आमच्या इमारतीत नगर जिल्ह्यातून आलेले एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. रविवारी ही मंडळी इंग्रजी उपासनेला जातात, पण घरची संध्याकाळची प्रार्थना मराठीतच होते. साहेब एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात आहेत. पुढची हकिगत त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगते.

गेल्या नाताळच्या चार दिवस आधी माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माणूस घरी केकचा खोका देऊन गेला. मुलांनी लगेच केक कापला. खोक्याच्या तळाशी पाकीट निघाले. आत एका सराफी पेढीची २५ हजार रुपयांची भेटकुपने होती.

साहेब घरी आल्यावर ताईंनी पाकीट पुढे ठेवले. ते म्हणाले, “अगं, आपण कुठे मागितलं होतं? सगळेच घेतात. आणि जानेवारीत थोरल्याच्या कॉलेजचा हप्ता आहे.”

ताई मला सांगत होत्या, “खोटं कशाला बोलू? मलाही तो हप्ताच दिसत होता. मी पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं. तीन दिवस आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. पण प्रार्थनेला बसलो की माझं लक्ष कपाटाकडे जायचं.”

नाताळच्या आदल्या रात्री सगळे प्रभूची प्रार्थना म्हणत होते. मोहापासून सांभाळ, असे मागण्याची ओळ आली आणि साहेब मध्येच थांबले. मुलांना काही कळेना. प्रार्थना संपल्यावर ते म्हणाले, “अहो, ते पाकीट काढा.” एरवी ते बायकोला ‘अहो’ म्हणत नाहीत!

सुट्टीनंतर त्यांनी कुपने परत केली. केक पोटात गेला होता, म्हणून त्याची किंमतही दिली. आपल्या वरिष्ठांना सारा प्रकार लेखी कळवला. ते काही खूश झाले नाहीत. “एवढा सोवळेपणा कशाला?” असे ऐकावे लागले. कुठलाही चमत्कार झाला नाही. थोरल्याच्या हप्त्यासाठी ताईंना आपली मुदत ठेव मोडावी लागली.

मोह गरजेच्या वेशात येतो

ताईंच्या हकिगतीत मला महत्त्वाचा वाटला तो कॉलेजचा हप्ता. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या परीक्षेची कथा आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान त्याला पहिल्यांदा सुचवतो ती भाकरी. भुकेल्याला भाकरी हवी असण्यात पाप कसले? पण मोहाची सुरुवात अशीच होते. तो मुलाची फी, आईचे औषध, बहिणीचे लग्न असे आपल्याच घरातले कारण घेऊन येतो. म्हणून तो ओळखू येत नाही.

बायबलमध्ये त्यावरचे उपायही गोष्टींतूनच सांगितले आहेत. पोटीफरच्या घरातला तरुण योसेफ मालकिणीशी वाद घालत बसला नाही. अंगावरचे वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. रात्री हातातल्या मोबाइलवर नको ते दिसू लागले, तर मनाशी चर्चा करण्यापेक्षा मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून येणे अधिक शहाणपणाचे. यरीहोचा जकातदार जक्कय नुसता पस्तावला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देतो, असे त्याने सर्वांसमोर सांगितले. केकचे पैसे देणे हे त्यातलेच.

किंमत कोण देते?

मात्र एकाच्या सचोटीची किंमत सारे घर देत असते, हेही विसरू नये. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तर लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. टिळकांच्या हाती आलेला पैसा गरजवंताकडे जाई आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे न चिडता, मिस्कीलपणे सांगितले आहे. तरी वाचताना त्यांच्या जिवाची तगमग जाणवतेच.

म्हणून असे निर्णय नवरा-बायकोने मिळून, आणि शक्यतो आधीच घेतलेले बरे. पाकीट दारात आल्यावर विचार सुरू केला, तर हप्ता आठवणारच. ताईंच्या घरी आता ठरून गेले आहे: सणाला आलेला खोका दारातच उघडायचा, आणि साहेबांच्या कामाशी संबंध असलेल्यांचा असेल तर तिथूनच परत पाठवायचा.

दहावा दिवस

शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात दर वर्षी ८ सप्टेंबरला मारियामातेचा सण होतो. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. भगवी वस्त्रे नेसलेल्या भाविकांनी रस्ते फुलून जातात. बॅसिलिकासमोरच रसेल मार्केट आहे, आणि थोडे चालले की कमर्शियल स्ट्रीटची झगमगती दुकाने लागतात. प्रार्थना आणि बाजार इथे शेजारी शेजारी आहेत. नऊ दिवसांची भक्ती मनापासूनची असते, पण तिचा कस लागतो दहाव्या दिवशी, दुकानदाराने चुकून जास्त मोड परत दिली तेव्हा.

परवा मी ताईंना विचारले, “ठेव मोडल्याचं वाईट वाटतं का हो?”

त्या म्हणाल्या, “वाटतं ना! ती मी दहा वर्षं साठवली होती.” मग हसून म्हणाल्या, “पण आता कपाट उघडताना काही वाटत नाही.”

आपल्या कपाटात असे काही आहे का, हे प्रत्येकाने आज एकदा पाहावे. तेरा रुपये असतानाच ते परत करणे सोपे असते.